माथ्यावरचा हर्षल

हर्षल सूर्याभोवतीची एक फेरी ८४ वर्षांत पुरी करतो, आणि त्यातली तीसेक वर्षे कोकणच्या पावसात जातात. ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर समोर आला, म्हणजे सूर्य मावळताना उगवून रात्रभर वर राहिला, की तो पाहायला सर्वांत चांगला. या स्थितीला प्रतियुती म्हणतात. हर्षल वर्षाला चार-सव्वाचार अंश पुढे सरकतो, त्यामुळे त्याची प्रतियुती दर वर्षी चारेक दिवस उशिरा येते. १९८४ साली ती जूनच्या सुरुवातीला, ऐन मृगाच्या तोंडावर आली. तिथून जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे चारही महिने तिने सावकाश ओलांडले आणि २०१४ साली ७ ऑक्टोबरला ती एकदाची पावसाबाहेर पडली. मधल्या काळात कर्जत-खालापूरच्या माणसाला हर्षल ऐन भरात पाहायचा असता, तर आधी सह्याद्रीला अडलेले ढग बाजूला सारावे लागले असते.

योगायोग असा, की आपल्या भागात हौशी आकाशनिरीक्षण रुजले ते नेमके याच काळात. १९८५-८६ च्या हॅले धूमकेतूने महाराष्ट्रात अनेकांना रात्री घराबाहेर काढले. त्याच सुमारास मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले आणि या मंडळींचे रात्रभराचे आकाशदर्शन मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणीला होऊ लागले. वांगणी तशी अंबरनाथ तालुक्यातली, पुढच्या शेलू-नेरळपासून कर्जत तालुका लागतो. पण रात्री अकरानंतर तालुक्याची हद्द कोणी विचारत नाही. या पिढीने असंख्य लोकांना शनीची कडी दाखवली, गुरूचे चंद्र दाखवले, मृगातला तेजोमेघ आणि देवयानीतली दीर्घिका दाखवली. हर्षल यादीत तळाशी राहिला. पाऊस संपून मोसम सुरू व्हायचा तेव्हा तो संध्याकाळीच पश्चिमेकडे कललेला असे. शोधून दाखवण्याइतका वेळ हातात नसे, आणि दाखवला तरी रांगेतला पाहुणा ‘एवढाच?’ म्हणून पुढे सरके.

आता दिवस फिरले आहेत. २०२६ सालची प्रतियुती २६ नोव्हेंबरच्या सुमारास आहे. भात कापून झालेले, आकाश धुऊन निघालेले, थंडी पडू लागलेली. शिवाय हर्षल सध्या वृषभ तारकासमूहात, कृत्तिका आणि रोहिणी यांच्या मध्ये आहे. आकाशाच्या विषुववृत्तापासून तो उत्तरेला सुमारे पावणेएकवीस अंशांवर आहे आणि कर्जतचे अक्षांश १८.९. म्हणजे येत्या हिवाळ्यात रात्री तो ऐन मध्यावर येईल तेव्हा कर्जतच्या माणसाच्या डोक्यावरून, माथ्यापासून जेमतेम दोन अंश उत्तरेकडून जाईल. पुढची चाळीसेक वर्षे त्याची प्रतियुती कोरड्या महिन्यांतच येत राहणार आहे, पण इतका थेट माथ्यावर तो त्यांतल्या मोजक्या वर्षांतच असेल.

ही पुस्तिका त्या निमित्ताने निघाली आहे. पुढच्या पानांत नकाशे आणि तक्ते आहेत. ते लावायचे कशासाठी, एवढेच या प्रस्तावनेत सांगायचे आहे. आणि माझे म्हणणे थोडक्यात असे: हर्षल एका रात्रीत दिसतो, पण तो ग्रह आहे हे कळायला दुसरी रात्र लागते. त्याच्या शोधाचा आणि त्यानंतरच्या अडीचशे वर्षांच्या अभ्यासाचा सगळा इतिहास या दुसऱ्या रात्रीचा आहे. मुंबई-पुण्याहून शनिवारी येऊन रविवारी परतणाऱ्याला ती मिळणे कठीण. कशेळ्याच्या, कडावच्या, चौकच्या माणसाला ती अंगणात मिळते.

पाहिला, पण ओळखला नाही

हर्षल नुसत्या डोळ्यांना दिसतो हे बहुतेकांना खरे वाटत नाही. त्याची तेजस्विता ५.६ ते ५.७ प्रतीची आहे, आणि चांगल्या काळोखात निरोगी डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. म्हणजे माणूस हजारो वर्षे हर्षलकडे पाहतच होता. फक्त तो तिथल्या असंख्य मंद टिंबांतले एक टिंब होता. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे तेजाने उठून दिसतात आणि नजरेत भरेल अशा चालीने चालतात. हर्षल इतका हळू चालतो की महिनाभर बारकाईने पाहिले, खूण ठेवली, तरच तो हलल्याचे कळते. खूण कोणी ठेवायची? का ठेवायची?

खूण ठेवणाऱ्यांनाही तो चकवून गेला. इंग्लंडचा राजज्योतिषी जॉन फ्लॅमस्टीड याने डिसेंबर १६९० मध्ये वृषभ राशीतले तारे मोजता मोजता त्याची नोंद केली आणि त्याला तारा समजून ‘३४ टॉरी’ असा क्रमांक देऊन टाकला. आज त्या जागी तारा नाही. फ्रान्समध्ये पिएर लमोनिए याने १७५० ते १७६९ या काळात त्याला अनेकदा पाहिले आणि दर वेळी तारा म्हणूनच लिहिले. जानेवारी १७६९ मध्ये तर त्याने तो पाठोपाठच्या दिवसांत पुन्हा पुन्हा नोंदला. पण नशीब असे, की तेव्हा हर्षल स्तंभी होता. वक्री ग्रह मार्गी होण्याआधी आकाशात जवळजवळ थांबतो, तसा. लमोनिएच्या वाट्याला दुसरी रात्र आली आणि ग्रह हलला नाही.

विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मन वादक. इंग्लंडमधल्या बाथ गावी संगीत शिकवून पोट भरायचा आणि उरल्या वेळात स्वतः आरसे घासून दुर्बिणी करायचा. १३ मार्च १७८१ च्या रात्री मिथुनेच्या ताऱ्यांत त्याला एक तारा इतरांपेक्षा जाड दिसला. आयपीस बदलून वर्धन वाढवले तशी त्याची चकती मोठी झाली. तारे तसे होत नाहीत. चार रात्रींनी, १७ मार्चला, त्याने पुन्हा पाहिले तर ते टिंब हलले होते. त्याला तो धूमकेतू वाटला आणि त्याने तसे कळवलेही. आंद्रेस लेक्सेल वगैरे गणितींनी कक्षा मांडली तेव्हा ती जवळजवळ वर्तुळाकार आणि शनीच्या पलीकडची निघाली. सूर्यमालेचा पसारा एका झटक्यात दुप्पट झाला. युरेनस हे नाव योहान बोडे याने सुचवले आणि जगभर तेच रुळले. मराठी पत्रिकांनी मात्र शोध लावणाऱ्याचेच नाव धरून ठेवले.

इथे एक हिशेब मांडावासा वाटतो, कारण तो याच हिवाळ्यात जुळतो आहे. फ्लॅमस्टीडच्या डिसेंबर १६९० मध्ये ८४ चार वेळा मिळवा. डिसेंबर २०२६ किंवा जानेवारी २०२७ येतो. म्हणजे ज्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर त्याने हर्षलला तारा समजून वहीत बसवले, जवळजवळ त्याच ताऱ्यांपुढे चौथी फेरी पुरी करून हर्षल परत आला आहे. याआधी तो इथे १९४२-४३ च्या हिवाळ्यात होता, त्याआधी १८५८-५९ मध्ये. पुढच्या वेळी तो इथे येईल तेव्हा २११० उजाडलेले असेल. हर्शेलने पाहिलेल्या जागी तो २०३३ च्या सुमारास पोचेल. शोध लागल्यापासून त्याच्या पुऱ्या तीन फेऱ्याही अजून झालेल्या नाहीत.

पंचांगात आणि गणितात

आपल्याकडे हर्षल आला तो गणिताच्या आणि पत्रिकेच्या वाटेने. परंपरेच्या नवग्रहांत त्याला जागा नव्हती. तरी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मराठी घरांतल्या पत्रिकांच्या चौकटीत तो नेपच्यून-प्लुटोबरोबर मुकाट्याने जाऊन बसला. त्याच्या फळांवर लोक तावातावाने बोलतात. मला त्यांत रस नाही, पण पंचांगातल्या त्याच्या अंशांत जरूर आहे. ज्या पंचांगात हर्षलचे रोजचे किंवा आठवड्याचे स्पष्ट अंश दिलेले असतात, ते आकाशात त्याला शोधायला चांगले साधन आहे. नोव्हेंबर २०२६ अखेरीस निरयन पद्धतीने तो वृषभ राशीत, कृत्तिकांच्या चौथ्या चरणात आहे. घरात पंचांग असेल तर उघडून पाहावे आणि मग बाहेर जाऊन ताडून पाहावे.

हे ताडून पाहणे आपल्या जिल्ह्याला परके नाही. केरो लक्ष्मण छत्रे मूळचे अलिबागजवळच्या नागावचे, जन्म १८२५ चा. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत त्यांनी उमेदीची वर्षे काढली, पुढे पुण्यात शिकवले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० साली त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध झाली आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. त्यांचा आग्रह एकच: पंचांगात जे लिहाल ते आकाशात दिसले पाहिजे. त्यावरून त्या काळी केवढा गदारोळ झाला! जुन्या ग्रंथांची गणिते आणि डोळ्यांना दिसणारे आकाश यांत अंतर पडले आहे, हे मान्य करायला अनेक शास्त्री तयार नव्हते.

दुसरे नाव व्यंकटेश बापूजी केतकर यांचे. हे बागलकोटकडचे, पेशाने शिक्षक, ‘ज्योतिर्गणितम्’चे कर्ते. १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे आणखी दोन ग्रह असावेत असे भाकीत छापले आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांमध्ये लाप्लासने जो मेळ दाखवला होता, तसा मेळ बाहेरच्या ग्रहांतही असणार, असा त्यांचा तर्क होता. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ३९ पट आणि फेरीचा काळ सुमारे २४२ वर्षे काढला. मार्च १९३० मध्ये प्लुटोचा शोध जाहीर झाला: अंतर साडेएकोणचाळीस पट, काळ २४८ वर्षे. ऑगस्ट १९३० मध्ये केतकर वारले. आकडे इतके जवळ आले म्हणून मराठी लेखांत ‘प्लुटोचे भाकीत करणारा मराठी माणूस’ असा त्यांचा गौरव होतो. माझे मत जरा कोरडे आहे. प्लुटो इतका हलका निघाला की असा मेळ त्याने राखला असेल हे पटत नाही. जुळणी नशिबाची म्हणावी लागते. केतकरांचे मोठेपण त्यांच्या ग्रहगणितात आहे आणि त्याला या योगायोगाच्या कुबडीची गरज नाही.

आडवा पडलेला ग्रह

आता ग्रहाकडे येऊ. हर्षलचा विषुववृत्तावरचा व्यास ५१,११८ किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या चौपट. वस्तुमान पृथ्वीच्या साडेचौदा पट. सूर्यापासून सरासरी अंतर सुमारे २८७ कोटी किलोमीटर, पृथ्वीच्या अंतराच्या एकोणीस पटींहून थोडे जास्त. त्यामुळे तिथे पोचणारे ऊन आपल्या उन्हाच्या सुमारे ३७० वा हिस्सा. प्रतियुतीच्या वेळीही त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला अडीच तास लागतात. कर्जतहून लोकलने मुंबई गाठून स्टेशनाबाहेर पडेपर्यंत जेवढा वेळ जातो, साधारण तेवढा.

गुरू आणि शनी हे मुख्यतः हायड्रोजन-हेलियमचे. हर्षल आणि नेपच्यून यांची जात वेगळी, त्यांना बर्फाळ महाग्रह म्हणतात. हे ऐकून डोळ्यांपुढे हिमालय आणू नये. वर हायड्रोजन, हेलियम आणि थोडा मिथेन असे वातावरण. त्याखाली पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचा प्रचंड थर. मध्यभागी खडकाळ गाभा. पाणी, अमोनिया, मिथेन हे सूर्यमालेच्या थंड कडेला गोठलेल्या रूपात असतात, म्हणून त्यांना ‘बर्फ’ म्हणायची शास्त्रज्ञांची रीत. हर्षलच्या पोटात ते हजारो अंश तापमानात आणि कल्पनेपलीकडच्या दाबाखाली दाट, उकळत्या द्रवासारखे असतात. उभे राहायला जमीन नाहीच. ढगांच्या पातळीवर आपले वजन मात्र पृथ्वीपेक्षा किंचित कमीच भरेल, कारण ग्रह जड असला तरी फुगलेलाही आहे. त्याची घनता पाण्याच्या सव्वापट आहे.

मिथेन सूर्यप्रकाशातला तांबडा भाग गिळतो, म्हणून उरलेला रंग फिकट हिरवट-निळा. ढगांत हायड्रोजन सल्फाइड असल्याचे २०१८ साली हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीने दाखवले. तो कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू, तेव्हा हा देखणा ग्रह जवळून बराच घाण वास मारत असणार. वरच्या वातावरणात उणे २२४ अंश सेल्सिअसइतके कमी तापमान मोजले गेले आहे. सूर्यापासून त्याहून दीडपट लांब असलेला नेपच्यूनही इतका गार नाही.

पण हर्षलची खरी तऱ्हा त्याच्या आसात आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे, हर्षलचा जवळजवळ ९८ अंश. तो आडवा पडून फिरतो. कधीकाळी एखादे मोठे पिंड आदळून तो कलंडला असावा, हा सगळ्यांत जास्त मानला जाणारा अंदाज. परिणाम विलक्षण आहेत. स्वतःभोवतीची फेरी सव्वासतरा तासांची. पण ध्रुवावर उभे राहण्याची सोय असती तर ४२ वर्षे सूर्य मावळला नसता आणि पुढची ४२ वर्षे उगवला नसता. १९८६ च्या सुमारास त्याचा दक्षिण ध्रुव सूर्याकडे होता. २००७ च्या डिसेंबरात सूर्य विषुववृत्तावर आला. आता २०३० च्या आसपास उत्तर ध्रुव सूर्याकडे पुरता वळेल. म्हणजे येत्या हिवाळ्यात दुर्बिणीत जी हिरवट चकती दिसेल ती आपल्याला त्याची टाळू दाखवत असेल. त्याचे चुंबकत्वही वाकडे: चुंबकीय आस फिरण्याच्या आसापासून ५९ अंश कललेला आणि ग्रहाच्या मध्यापासून बराच बाजूला सरकलेला.

यातले बरेचसे कळले ते एकाच भेटीत. व्हॉयेजर २ हे यान २४ जानेवारी १९८६ रोजी हर्षलच्या ढगांपासून सुमारे ८१,५०० किलोमीटरवरून गेले. चारच दिवसांनी चॅलेंजर यान सात अंतराळवीरांसह कोसळले, त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत हॅले सूर्याजवळ पोचला, आणि हर्षलची छायाचित्रे बातम्यांच्या ढिगाखाली गेली. तेव्हापासून आजतागायत दुसरे यान तिथे गेलेले नाही. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या समितीने २०२२ साली हर्षलभोवती फिरणारे यान ही पुढच्या दशकाची पहिली मोठी मोहीम असावी अशी शिफारस केली आहे.

एका भेटीवर विसंबल्याने काय होते, तेही आता दिसू लागले आहे. व्हॉयेजरला हर्षलमध्ये स्वतःची उष्णता जवळपास आढळली नव्हती. चाळीस वर्षे पाठ्यपुस्तकांत तेच होते. जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून २०२५ मध्ये फेरहिशेब झाले, तेव्हा घेतो त्यापेक्षा थोडी जास्त उष्णता तो बाहेर टाकतो असे निघाले. त्याचे चुंबकीय कवच व्हॉयेजरला विचित्र रिकामे वाटले होते. २०२४ च्या अभ्यासाने दाखवले की यान पोचण्याआधी सौरवाऱ्याच्या झोताने ते कवच दाबले गेले होते आणि ती स्थिती क्वचितची होती. फिरण्याचा काळही हबल दुर्बिणीच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून २८ सेकंदांनी दुरुस्त झाला. अठ्ठावीस सेकंद म्हणजे किरकोळ वाटेल, पण एवढ्या चुकीने दोन-तीन वर्षांतच ग्रहाची कुठली बाजू कुठे आहे याचा पत्ता लागेनासा होतो.

भारतातली एक गोष्ट याच माळेतली. १० मार्च १९७७ च्या रात्री हर्षल तूळ राशीतल्या एका मंद ताऱ्यावरून जाणार होता. तामिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी एक मीटरच्या दुर्बिणीवर बसले होते. तारा ग्रहाआड जायच्या आधीच त्याचा प्रकाश क्षणभर बुडाला. त्यांनी तो हर्षलचा नवा चंद्र असावा असे ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिले. हिंदी महासागरावरून उडणाऱ्या विमानातल्या दुर्बिणीवर जेम्स एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र ग्रहाच्या दोन्ही बाजूंना तसेच अनेक बुडीचे क्षण मिळाले, दोन्हीकडे सारख्या अंतरावर. ती कडी होती. आज हर्षलची १३ कडी आणि २९ चंद्र माहीत आहेत. एकोणतिसावा चंद्र २०२५ साली जेम्स वेब दुर्बिणीने दाखवला.

कर्जतहून

आपल्या आकाशाविषयी खोटी स्तुती करण्यात अर्थ नाही. पश्चिमेकडे पनवेल-नवी मुंबईची आणि वायव्येला बदलापूर-कल्याणची उजळी रात्रभर क्षितिजावर चढलेली असते. खालापुरात द्रुतगती मार्ग आणि खोपोलीचे कारखाने आहेत. कर्जत तालुक्यात फार्महाउसची आणि रिसॉर्टची संख्या वाढली, त्यांच्याबरोबर रात्रभर झाडांवर सोडलेले फ्लडलाइटही वाढले. हा प्रकाश कोणाच्या उपयोगाचा नसतो. दिव्याला वरून एक टोपी घातली तरी निम्मे काम होईल. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. ती मिळवायला तिथे दिवे बदलावे लागले. आपल्या ग्रामपंचायतींना एवढे मोठे काही करायला नको, पण रस्त्यावरचा नवा दिवा खाली पाहील एवढे तरी बघता येईल.

तरीही हर्षलसाठी कर्जत बरे, आणि त्याचे कारण मजेदार आहे. खांडस-कशेळ्याच्या पट्ट्यात पूर्वेला भीमाशंकरच्या कड्याची भिंत उभी आहे, तिने अर्धे क्षितिज खाल्लेले. पश्चिमेचे क्षितिज शहरांनी खाल्लेले. काळोख उरला आहे तो माथ्यावर, आणि या वर्षी हर्षल तिथेच आहे.

शोधायचा असा. रात्री नऊनंतर पूर्वेला मृग वर आलेला असतो. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांची रेषा वर वाढवली की तांबूस रोहिणी लागते आणि पुढे कृत्तिकांचा झुपका. रोहिणी ते कृत्तिका अशी मनाने रेषा काढा. हर्षल या रेषेलगतच, मध्यापेक्षा कृत्तिकांकडे थोडा झुकलेला आहे. साध्या ७×५० बायनॉक्युलरमध्ये तो सहज येतो. अडचण इतकीच, की आजूबाजूला त्याच्यासारखेच चार-दोन तारे आहेत. पान उलटल्यावर जो नकाशा आहे तो यासाठी. आठ इंची आरशाच्या दुर्बिणीत दोनशे पट वर्धनाला फरक उघड होतो: तारे टिंबच राहतात आणि लुकलुकतात, हर्षल छोटी, सपाट, हिरवट चकती होऊन शांत राहतो. कडी, ढग, पट्टे यांची आशा धरू नये. चकतीचा आकार पावणेचार विकलांचा आहे, म्हणजे चंद्राच्या व्यासाचा सुमारे पाचशेवा भाग.

डॉब्सोनियन दुर्बीण वापरणाऱ्यांना एक सूचना. नळी अगदी सरळ वर गेली की तिला आडवे ढकलणे अवघड होते. हात पुरत नाही आणि फाइंडरमध्ये डोकावताना मान मोडते. त्यामुळे हर्षल माथ्यावर यायची वाट न पाहता तो चढत असताना, माथ्यापासून वीसेक अंश खाली असतानाच गाठावा. डिसेंबरात दव जबर पडते. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होणाऱ्या शिवारात ते आणखीच. मध्यरात्रीपर्यंत फाइंडरची काच आंधळी होते आणि वहीची पाने ओली होतात. काचेला पुठ्ठ्याची लांब कड लावावी, वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी, आणि शाईचे पेन घरी ठेवून शिसपेन्सिल न्यावी. फेब्रुवारीनंतर शेतांत राब भाजायला आणि डोंगरांवर वणवे लागायला सुरुवात होते, तेव्हा धुराने आकाश पांढुरके होते. म्हणून खरा मोसम डिसेंबर आणि जानेवारीचाच.

प्रतियुतीच्या तारखेला फार महत्त्व देऊ नये. २४ नोव्हेंबरला त्रिपुरारी पौर्णिमा आहे, आणि कार्तिकातला पुनवेचा चंद्र कृत्तिकांजवळच असतो. त्या आठवड्यात चंद्रप्रकाशात हर्षल बुडेल. त्यापुढच्या दोन अमावास्या धराव्यात. एक ८ डिसेंबर २०२६ च्या आसपास; तेव्हा हर्षल रात्री साडेअकराच्या सुमारास माथ्यावर येईल. दुसरी ७ जानेवारी २०२७ च्या आसपास, तेव्हा साडेनऊलाच. या महिन्याभरात तो वक्री असल्याने ताऱ्यांमधून पश्चिमेकडे, कृत्तिकांच्या दिशेने सुमारे एक अंश सरकेल, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंदीइतका. फेब्रुवारीत तो स्तंभी होऊन मग मार्गी होईल. लमोनिएसारखी फसगत नको असेल तर त्याआधी नोंदी उरकाव्यात.

पुस्तिकेच्या शेवटी दोन कोऱ्या चौकटी आहेत. पहिल्या अमावास्येला बायनॉक्युलरमध्ये दिसतील तेवढे तारे पहिल्या चौकटीत टिंबांनी काढा, हर्षल कोणता वाटतो त्याला गोल करा, तारीख-वेळ-गाव लिहा. दुसऱ्या अमावास्येला पहिली चौकट न पाहता दुसरी काढा. मग दोन्ही शेजारी धरा. शाळेतल्या शिक्षकांना विशेष विनंती, की मुलांकडून हे करून घ्यावे आणि त्या चौकटी फळ्यावर लावाव्यात. कोणाचे टिंब हलले आणि कोणाचे नाही, यावर वर्गात भांडण झाले तर उत्तमच.